एकेचाळीस सेकंद

इथे आग विझवायला पगार नाही.
उलट दर महिन्याला आपणच वर्गणी भरायची.
बूट आपले, झोप आपली.
मी पहाटे तीनला बेकरीत कणीक मळते,
भोंगा झाला की हात पुसत निघते;
पिठाचे पांढरे ठसे दारावर, बंबाच्या दांडीवर.
वाल्पाराईसोची ही टेकडी त्यावरून ओळखते:
ओतिलिया गेली.

कॅप्टन ओयार्सून असताना
नळी हायड्रंटला जोडायला मला अठ्ठावन्न सेकंद लागायचे.
तो मागे उभा असायचा.
"डावीकडे. डावीकडे गं! तुझी डावी कुठली?"
आणि खरंच, त्या क्षणी
मला माझी डावी बाजू सापडायची नाही.
मी मारलेली गाठ तो सोडायचा,
पुन्हा मारायचा,
तीच गाठ, तशीच.
घरी मुलाच्या बुटांच्या नाड्या बांधताना
माझी बोटं कुणाची तरी वाट बघत थांबायची.

एका मंगळवारी तो सरावाला आला नाही,
आम्ही उगाच घड्याळ लावलं.
एकेचाळीस.
चोरी केल्यासारखे हसलो,
आणि वहीत अठ्ठावन्नच लिहिलं.

मग यास्ना मार्डोनेस आली. शाळेत भूगोल शिकवते,
आवाज बसका, खडू खाल्ल्यासारखा.
पहिल्याच दिवशी विचारलं,
"इथे वारा कुठून फिरतो?"
आम्ही सगळे गप्प.
वाटलं, परीक्षा आहे.
तिला खरंच माहीत नव्हतं.

तिचीही भीती वाटायची, नाही असं नाही.
ओरडणाऱ्याचं निदान कळतं, कुठे चुकलं.
ही नुसती बघायची.
मी कपलिंग अर्धवट फिरवलं,
पाणी माझ्याच तोंडावर.
ती म्हणाली, "हं."
त्या एका "हं"वर मी दोन रात्री जागले,
तिसऱ्या रात्री केंद्राची किल्ली मागून घेतली
आणि अंधारात वीस वेळा जोडलं, सोडलं, जोडलं.
किल्ली तिने परत मागितली नाही.

फेब्रुवारीत निलगिरीचं रान पेटलं.
खाली घळीत पत्र्याची घरं,
वर आकाश गंजलेल्या तव्यासारखं.
वॉकीटॉकीत तिचा आवाज:
"ओतिलिया, तुला काय दिसतंय?"

मला काय दिसतंय
हे इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.
घसा कोरडा. मी म्हटलं,
वारा फिरतोय. पाण्याच्या टाकीकडून.
दहा मिनिटांत जिना जाईल.

क्षणभर नुसती खरखर.
"मग जिन्यावरून माणसं काढ. मी तुझ्यामागे येते."

मागे येते, म्हणाली.

एकवीस माणसं निघाली, एक शिवणयंत्र,
एक म्हातारी, जी कोंबडी सोडेना.
तीन घरं गेली.
ती तीन मी अजून मोजते.
यास्ना मोजू देते.

नंतर कधीतरी कळलं,
एका गॅसच्या टाकीने ओयार्सूनचा उजवा कान नेला होता,
माझ्या जन्माआधी.
आपण किती मोठ्याने बोलतो, त्याला कळायचंच नाही.
आणि त्याच रात्री ज्याची गाठ सुटली,
तो त्याचा धाकटा भाऊ.

कारण कळलं म्हणून बोटं शहाणी होत नाहीत.
आता तो संध्याकाळी केंद्रासमोरच्या बाकावर बसतो.
मी गरम माराकेता नेऊन देते,
डावीकडून जाते, ऐकू येतं त्या बाजूने,
तरी पाव देताना हात थरथरतोच.
तो म्हणतो, "भाजलाय चांगला."
अख्ख्या गल्लीला ऐकू जातं.

आज उलिसेसचा पहिला सराव. अठरा वर्षांचा,
हेल्मेट कानांवर टेकलेलं.
गाठ मारतो. थोडी सैल आहे.
बाकावर म्हाताऱ्याची बोटं हवेत हलतात.
माझीही.
पोरगा मान वर करून बघतो,
आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे.

"तुला काय वाटतं?" मी विचारते,
आणि हात खिशात घालते.
खिशात पीठ.